तारेचा झोळ

१

लोव्रे माटुलिचला ती किल्ली लख्ख आठवते. टेबलाच्या खालच्या खणाची, पितळेची, दात झिजलेली. ती त्याने तेरेझाच्या तळहातावर ठेवली होती. तिच्या बोटांत सिगारेट होती म्हणून तिने तळहात उलगडून पुढे केला, आणि किल्ली सकाळभर त्याच्या खिशात राहून कोमट झालेली होती. इतकं बारीक आठवतं त्या अर्थी ते घडलंच असणार, असं तो वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आला.

पुढे पुढे मात्र त्याला शंका येऊ लागली. खरोखर घडलेल्या गोष्टी कडांनी विरत जातात, हे त्याने म्हातारपणी पाहिलं आहे. आईचा चेहरा विरला. स्वतःच्या लग्नाचा दिवस विरला. ही किल्ली तेवढी विरत नव्हती, आणि नेमकं तेच त्याला खटकायचं. गरज होती म्हणून मनाने ती आठवण घडवली असेल तर? जन्मभर आकडेमोड शिकवलेला माणूस, हवं ते उत्तर आलं की आधी त्याच्यावरच संशय घ्यावा असं त्यानेच मुलांना सांगितलेलं. आता हवं ते उत्तर त्याच्याच डोक्यात बसलं होतं आणि ते तपासायला दुसरं डोकं नव्हतं.

बाकीचं तो क्रमाने सांगू शकतो. निदान त्याला तसं वाटतं.

२

लोव्रेचं काम लोकांना समजावून सांगणं सोपं होतं, ते कशासाठी करायचं हे पटवणं अवघड. खिडकीच्या गजाला दोरी बांधावी, दुसरं टोक हातात धरावं आणि एक झटका द्यावा. झटक्याची लाट पळत गजापर्यंत जाते, आपटते, परत हाताशी येते. पुन्हा जाते, पुन्हा येते, दर खेपेला थोडी दुबळी होऊन, आणि शेवटी दोरी निवांत लोंबते. अँटेनाच्या तारेत विजेचा झटका शिरला की हेच होतं, फक्त पापणी लवायच्या आत हजारदा उरकेल इतक्या वेगाने. लोव्रे त्या ये-जा करणाऱ्या प्रवाहाचा हिशेब मांडी. तारेचे बारीक तुकडे पाडायचे, वेळेचेही बारीक तुकडे पाडायचे, आणि कुठल्या क्षणी कुठल्या तुकड्यात किती प्रवाह आहे ते काढत पुढे सरकायचं. तार इतकी बारीक धरायची की तिला आत जागाच नाही. भोवती हवा नाही, पक्षी नाहीत, मीठ नाही. आपण जे घातलं तेवढंच तिथे असतं.

एकोणऐंशीच्या शरदात त्याने ज्या तारेचा हिशेब हाती घेतला ती मात्र खरी होती. स्प्लिटच्या किनाऱ्यापासून दूर, बोटीने अर्धा दिवस लागेल अशा बेटावर जहाजांशी बोलणारं एक रेडिओ-ठाणं होतं. कड्यावरच्या खांबापासून ठाण्याच्या खोलीपर्यंत एक लांब तांब्याची तार ताणलेली. भिंतीतल्या चिनी मातीच्या नळीतून ती आत येई आणि टेबलावरच्या यंत्राला लागे. त्या टेबलाशी लोव्रेचा धाकटा भाऊ दिंको बसायचा. आदल्या वर्षी तारेवर वीज पडली तेव्हा यंत्र जळालं, दिंको खुर्चीसकट मागे फेकला गेला, आणि त्याचा उजवा कान कायमचा गेला. आई म्हणाली, या खेपेला कानावर भागलं.  विजेपासून ठाणं वाचवायचं म्हणजे काय करावं लागेल याचा हिशेब मागणारं पत्र लोव्रेच्या स्प्लिटमधल्या संस्थेत आलं, तेव्हा दुसऱ्या कुणी हात पुढे करायच्या आत लोव्रेने ते काम ओढून घेतलं.

या धंद्यात एक जुनं दुखणं आहे. प्रवाह विझत आला, की हिशेबातल्या बारीक चुका एकमेकींना खाऊन पोसतात आणि आलेख थरथरायला लागतो. त्यावर सगळे एकच औषध करतात: आलेल्या आकड्यांवर सरासरी फिरवायची. प्रत्येक आकडा शेजाऱ्यांत मिसळला की थरथर पुसली जाते. लोव्रेला ते औषध आवडत नसे. दुखणं कळल्याशिवाय ते झाकू नये, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे सरासरी काढायची आज्ञा गणकयंत्राला देणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा त्याच्या खालच्या खणात कुलपात असे. उन्हाळ्यात रजेवर आलेला दिंको एकदा संस्थेत येऊन बसला, कंटाळला, आणि खिशातल्या निळ्या सुतळीने तो गठ्ठा बांधून त्याने अशी एक दर्यावर्दी गाठ मारली की लोव्रेला ती सुटेना.

"आता कसा वापरतोस बघू," दिंको म्हणाला. "माझ्याशिवाय ही कुणाला सुटायची नाही."

लोव्रेने गठ्ठा तसाच ठेवून दिला. त्याला ती थट्टा आवडली होती.

३

नोव्हेंबरात युगो सुटला. तो दक्षिणेचा ओला वारा. आला की आठवडाभर हलत नाही. भिंतींना घाम फुटतो, माणसांची डोकी चढतात, आणि ज्याचं जे बिघडेल ते सगळे त्याच्यावर ढकलतात.

तारेच्या हिशेबाच्या कार्डांचा गठ्ठा सकाळी तळघरातल्या गणकयंत्राकडे द्यायचा आणि दुपारी जेवणाआधी छापील कागद घ्यायला जायचं, असा रिवाज होता. त्या दिवशी लोव्रेने कागद उलगडला. ठाण्याच्या टोकाकडून झटका दिला होता. लाट खांबापर्यंत जाऊन परत आली होती, अगदी हवी तेव्हा, हवी तेवढी. पण त्याच्या थोडं आधी आलेखावर एक लहानसा उंचवटा होता. जणू लाटेचा एक घास वाटेतच कशावर तरी आपटून लवकर परतला होता. खांबाच्या जवळ, पण खांबावर नव्हे.

तेरेझा शेजारच्या टेबलाशी बसायची. दोघं एकत्र शिकलेली. ती कुणालाच मोठं मानत नसे आणि लोव्रेला तर अजिबात नाही.

"टेंगूळ आलंय," तिने कागदावर वाकून सांगितलं. "आकडा चुकवलास कुठेतरी, मास्तर."

लोव्रेने सगळी कार्डं उजेडाकडे धरून एकेक तपासली. चूक नव्हती. मग त्याने या धंद्यातला कुणीही करतो तेच केलं. कशालाही हात न लावता तोच गठ्ठा दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायला दिला.

टेंगूळ पुन्हा आलं. पण थोडं अलीकडे.

हे तिथल्या कुणालाही हसू यावं असंच होतं. त्याच कार्डांना तेच यंत्र दोन उत्तरं देत नाही; त्यांच्या धंद्याची सगळी श्रद्धा त्यावर उभी आहे. तेरेझा म्हणाली, कार्डं ओलीने फुगली असतील, यंत्राने एखादं चुकीचं वाचलं असेल, युगोत तर तिच्या सासूलाही बरं वाचता येत नाही. लोव्रेने ते मान्य केलं. जेवायच्या सुट्टीत खोलीच्या झडपा ओढून, घरून आणलेल्या ब्लित्व्याच्या पालेभाजीला हात न लावता, त्याने बेटावर फोन लावला.

"तारेवर काही बसलंय का रे?" त्याने विचारलं. विचारताना त्याला आपली लाज वाटली.

"तारेवर?" दिंको हसला. तो फोन डाव्या कानाला धरायचा, त्यामुळे त्याचा आवाज थोडा लांबून आल्यासारखा वाटे. "माझे कपडे वाळतायत, प्रोफेसर. बाकी काही नाही. पक्षीसुद्धा नाहीत."

"पक्षी असतात ना एरवी?"

"एरवी रांग लावून असतात. या दोन दिवसांत फिरकले नाहीत. युगो आहे."

४

तिसऱ्या खेपेला टेंगूळ तारेच्या मध्यावर होतं. चौथ्या खेपेला मध्याच्या अलीकडे. ते मोठं होत नव्हतं, लहान होत नव्हतं. दर खेपेला फक्त ठाण्याच्या बाजूला सरकत होतं.

लोव्रेने हिशेब हाताने मांडून पाहिला, जमेल तितका. त्यात टेंगूळ नव्हतं. त्याने तार दुप्पट लांब करून पाहिली, दुसऱ्याच एका तारेचा हिशेब चालवून पाहिला; तिथेही नव्हतं. ते फक्त याच तारेवर होतं. त्याने स्वतःला समजावलं की चुकांनाही सवयी असतात. शेवटचे अंक छाटलेल्या आकड्यांची एखादी रांग कुठेतरी साचते आणि सरकते, त्यात अद्भुत काही नाही. हे तो कागदावर लिहूनही दाखवू शकला असता.

दिंकोला रोज फोन होत होता. आधी आईच्या नावाने, मग उगाच. दिंकोचा जोडीदार दाढ सुजली म्हणून मागेच मुख्य किनाऱ्यावर गेला होता आणि बोटी बंद पडल्याने तिकडेच अडकला होता. दिंको एकटा होता. त्याला एकटं राहायला हरकत नसे. जहाजांवरच्या माणसांशी बोलून त्याचा दिवस जाई. त्याने सांगितलं की वाऱ्याने सगळं भिजलंय, पाव बुरसला, सार्डिन मासे खाऊन कंटाळा आला. मग जाता जाता म्हणाला,

"तारेचा झोळ सरकलाय बघ."

लोव्रेच्या हातातली पेन्सिल थांबली. ताणलेली तार स्वतःच्या वजनाने मध्ये थोडी खाली येते. सगळ्यात खालची जागा साधारण मध्यावर असायला हवी.

"सरकलाय म्हणजे?"

"म्हणजे मध्ये नाही. इकडे आलाय, माझ्या बाजूला. कुणीतरी लोंबकळतंय आणि हाताहाताने पुढे येतंय, असा वाकलाय." तो पुन्हा हसला. "खांबावरची कप्पी ढिली झाली असेल. युगो थांबला की चढून बघतो."

"चढू नकोस," लोव्रे म्हणाला.

"बरं, नाही चढत."

इतक्या लवकर तो ऐकत नसे. लोव्रेला ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

५

मग त्याने यंत्राला कार्डं दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा टेबलावरच राहिला. दुपारी त्याने बेटावर विचारलं, झोळ कुठे आहे? काल होता तिथेच, दिंको म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशीही कार्डं टेबलावर राहिली, आणि झोळ होता तिथेच राहिला.

तिसऱ्या दिवशी लोव्रेने कार्डं दिली. त्याला खात्री करून घ्यायची होती. खात्री करून घेणं हीच त्याची सवय, त्याची भाकर. कागद आला तेव्हा टेंगूळ पुढे सरकलेलं होतं. फोनवर दिंको स्वतःहून म्हणाला, "आज पुन्हा हललं." तो "हललं" म्हणाला. "हलला" नाही. लोव्रेने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आता त्याच्यासमोर जे होतं ते कुणाला सांगता येण्याजोगं नव्हतं. तारेत झटका दिला की तारेवर जे आहे ते पुढे येतं. झटका खरा नव्हता, तळघरातल्या यंत्रात कार्डांवर दिलेला होता. पण बेटावर येत होतं ते खरं असावं. त्याने दिंकोला निघून यायला सांगितलं. दिंको म्हणाला, कशात बसून येऊ, टबात? त्याने बंदराच्या कार्यालयात विचारलं. युगो उतरल्याशिवाय एकही बोट निघणार नव्हती. त्याने दिंकोला तार तोडायला सांगितलं. 

"ठाणं आहे रे," दिंको म्हणाला. "समुद्रात माणसं आहेत. असल्या हवेत तार तोडली तर त्यांनी कुणाला हाक मारायची?"

त्याचं बरोबर होतं. तीच तर अडचण होती.

शुक्रवारी बेलग्रेडहून काम बघायला माणसं यायची होती. विभागप्रमुखांना स्वच्छ आलेख हवा होता. त्या शुक्रवारी सकाळी त्यांनी लोव्रेला बोलावून आवाज न चढवता सांगितलं, एका टेंगळासाठी तुम्ही आठवडा घालवला. लोव्रे परत आला तेव्हा तेरेझा त्याच्या टेबलावर बसून पाय हलवत होती.

"दे इकडे ती कार्डं," ती म्हणाली. "मी चालवते. येईल कधीतरी साफ."

"चालवायची नाहीत."

"का? बॉम्ब फुटणार आहे?"

लोव्रेला सांगायचं होतं. तोंडाशी आलेलं वाक्य त्याने मनात एकदा म्हणून पाहिलं आणि त्याला ते एखाद्या भ्रमिष्टाचं वाटलं. तेरेझाने ऐकलं असतं तर ती हसली नसती, आणि त्याने जास्त वाईट झालं असतं.

"जुन्या उत्तरावर सरासरी फिरव," तो म्हणाला. "टेंगूळ पुसून जाईल. तार नव्याने चालवायला नको."

तेरेझाने भुवया उंचावल्या. "सरासरी? आणि तू सांगतोयस? पाद्र्याने घटस्फोट घ्यावा तसं झालं हे."

"कार्डं खालच्या खणात आहेत," लोव्रे म्हणाला. आणि इथे ती किल्ली येते. पितळेची, कोमट. तिने तळहात पुढे केला. त्याने ती ठेवली.

किंवा त्याने ती ठेवली असं त्याला आठवतं.

६

तेव्हा सकाळचे अकरा वाजले असावेत. तो तिथून थेट बंदरावर गेला, कारण वारा थोडा मंद झाल्यासारखा वाटत होता. धक्क्यावर पाणी चढून परत जात होतं आणि दगडांवर शेवाळाचा वास होता. कोळ्यांच्या खानावळीत तो बोटवाल्यांना विचारत फिरला. एकाने त्याच्याकडे बघून पेला पुढे सरकवला. दुसरा म्हणाला, "बसा प्रोफेसर. समुद्र आज कुणाचा भाऊ नाही." लोव्रेने कुणाला भावाबद्दल काही सांगितलं नव्हतं. मग त्याला आठवलं की सांगितलं होतं, पहिल्याच वाक्यात.

तो परत आला तेव्हा संस्थेत जेवणाची शांतता होती. झडपा मिटलेल्या, जिन्यात ओल. तेरेझा खोलीत नव्हती. ती स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेली होती. त्याच्या टेबलावर कागद पसरलेला होता आणि कडेला तिच्या अक्षरात लिहिलं होतं: झालं तुझं टेंगूळ सपाट.

आलेख सुंदर होता. लाट खांबापर्यंत जात होती, परत येत होती, पुन्हा जात होती, आणि शेवटपर्यंत मऊ उतरत जाऊन विझत होती. वाटेत कुठेही काही नव्हतं. लोव्रेने कागदावरून बोट फिरवलं. त्याला रडू येईल असं वाटलं. सरासरी, तो स्वतःशी म्हणाला. सरासरीने पुसलं. कागदावरचं पुसलं, तिकडचं जिथे होतं तिथेच आहे, आणि वारा उतरला की बोट जाईल.

मग त्याने फोन लावला.

पलीकडे उचलला गेला, पण कुणी "हॅलो" म्हटलं नाही. आधी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. लाकडी खुर्ची, फरशीवरून, सावकाश. दिंकोच्या खोलीत एकच खुर्ची होती, टेबलाशी, आणि दिंको फोन घ्यायला उठत नसे. फोन हाताशी होता. नंतर दिंकोचा आवाज आला, तोही फोनमध्ये नाही, बाजूला वळून, हळू:

"बस. माझा भाऊ आहे."

"दिंको?"

"हं."

"तिथे कोण आहे?"

तारेतून समुद्राचा आवाज येत होता, किंवा श्वासाचा. 

"झोळ गेला बघ, लोव्रे," दिंको म्हणाला. त्याने त्याला प्रोफेसर म्हटलं नाही. "तार अगदी सरळ झालीये."

७

युगो उतरला आणि पहिल्या बोटीने दिंको आला. लोव्रे धक्क्यावर उभा होता. ऊन पडलं होतं. बायका जाळ्या वाळवत होत्या. दिंको फळीवरून उतरला, डाव्या हातात पिशवी. उजवा हात त्याने अंगापासून थोडा दूर धरला होता, कोपरात किंचित वाकवून, बोटं सैलसर मिटून. लहान मुलाला किंवा फार म्हाताऱ्या माणसाला उतरवताना आपण धरतो तसा. फळीच्या टोकाशी तो थांबला, बाजूला पाहिलं, आणि मग पुढे आला.

लोव्रेने त्याला मिठी मारली, पण ती डाव्या बाजूने. ते त्याने ठरवून केलं नव्हतं.

दिंको परत ठाण्यावर गेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, एकटेपणा, आदल्या वर्षीचा धक्का, शिवाय युगो. विश्रांती द्या. तो आईच्या घरी राहिला आणि आईनंतर लोव्रेच्या. तो वेडा नव्हता. अंजिरं तोडून द्यायचा, जाळी दुरुस्त करायचा, लोव्रेच्या मुलींना गाठी शिकवायचा. बोलायचा कमी. फक्त दार उघडलं की तो ते गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ धरून ठेवायचा. बाकावर बसला की उजवीकडे जागा सोडायचा. आणि कधी कधी, भर दुपारी, सगळे जेवून सुस्तावलेले असताना, तो मान उजवीकडे कलवायचा आणि लक्ष देऊन ऐकायचा. त्या बाजूचा कान विजेने मेलेला होता. त्याच कानाने तो ऐकायचा, आणि मान डोलवायचा.

आईने एक दिवस जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची वाढवली. लोव्रेने ती परत भिंतीशी लावली. संध्याकाळी ती पुन्हा टेबलाशी होती. मग त्याने ती राहू दिली.

लोव्रे काय करणार होता? त्याने एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली. त्या दुपारी तेरेझाने सरासरी फिरवली होती. तार पुन्हा चालली नव्हती. टेंगूळ कागदावरून पुसलं गेलं, कुठे पोचलं नव्हतं. म्हणजे ती सगळी ओल्या कार्डांची चूक होती, आणि दिंको नुसता आजारी होता, आजारी माणसं असतात तसा. किल्ली त्याने स्वतःच्या हाताने दिली होती. तेरेझा त्याच वर्षी नवऱ्याबरोबर झाग्रेबला गेली. दर नाताळला कार्ड यायचं. त्याने तिला कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं?

८

दिंको गेल्या शरदात गेला, झोपेतच. लोव्रेने त्याला पाहिलं तेव्हा उजवा हात चादरीवर सैल पडला होता, बोटं उलगडलेली, कुणाच्याही हातासारखा. लोव्रेला त्या हाताचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. इतकी वर्षं ज्याला धरलं होतं त्याला त्याने सोडलं होतं.

दफनानंतरच्या जेवणाला तेरेझा आली. काठी टेकत, अजूनही धूर काढत, अजूनही कुणाला न जुमानता. दोघं अंगणात भिंतीशी बसली. माणसं आत मासे खात होती आणि कुणीतरी दिंकोचा एक जुना विनोद सांगत होतं. लोव्रेने विचारलं. आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला. त्या शुक्रवारी, बेलग्रेडची माणसं आली होती तेव्हा, मी तुला खणाची किल्ली दिली होती का?

"दिली होतीस," तेरेझा म्हणाली. "गरम होती. मला वाटलं, याला ताप आलाय."

त्याला हलकं वाटलं. म्हणजे डोकं अजून शाबूत होतं. त्याने डोळे मिटले.

"पण काय उपयोग," ती पुढे म्हणाली. "तुझ्या या भावाने त्या गठ्ठ्याला काय गाठ मारून ठेवली होती, बाप रे. बसले झटत. नख मोडलं. कापायला मन होईना, तू जपून ठेवलेलं दिसत होतं. मग म्हटलं, जाऊ दे, कशाला हवी सरासरी, आणि तार पुन्हा चालवली. आली नाही साफ, पुन्हा चालवली. तळघरातला तो माणूस वैतागला माझ्यावर. शेवटी एकदा आपोआप साफ आली."

लोव्रेने मिटलेल्या डोळ्यांवर हात घेतला. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला; तिला वाटलं तो भावासाठी रडतोय, आणि ते खोटं नव्हतं.

माणसं बरंच विसरतात. तेरेझाचं वय त्याच्याइतकंच. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो घराच्या तळखोलीत उतरला. निवृत्त होताना संस्थेतून आणलेली खोकी तिथे होती. ती त्याने कधी उघडली नव्हती. खाली जाताना दार मागे आपोआप मिटलं नाही. ते थोडं जास्त वेळ उघडं राहिलं आणि मग हळू मिटलं. त्याने वळून पाहिलं नाही.

सरासरीची कार्डं दुसऱ्या खोक्यात होती, ओलीने पिवळी पडलेली, कडा फुगलेल्या. निळ्या सुतळीचा रंग गेला होता. तिच्यावर एका ठिकाणी खरवडल्याच्या खुणा होत्या, नखाने केलेल्या असाव्यात. गाठ दिंकोने मारली तशीच होती. ती कधी सुटलेली नव्हती.